विमलताईंचा पाय, ब्रेक आणि यकृत

आमच्या मराठी मंडळाचे सचिव मला म्हणाले, "नलिनीताई, आता रिटायर झाल्या ना, दिवाळी अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा. फक्त वाचताना लोकांना झोप येईल असं नका लिहू." मी एकतीस वर्षं लोकांना करंट देण्याचं काम केलं. माझ्यासमोर कोणाला झोप लागल्याचं मला आठवत नाही.

रायपुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी नसांची तपासणी करणारी तंत्रज्ञ होते. यंत्राचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, ते कोणी घेत नसे. पेशंट एकमेकांना सांगायचे, "करंटवाली दीदी के पास जाना है." काम समजायला सोपं आहे. आपल्या हातापायांतल्या नसा म्हणजे निरोपाच्या तारा. पायात काटा रुतला की निरोप वर जातो, पाय उचल म्हणून हुकूम खाली येतो. मी पोटरीवर बारीकसा करंट द्यायचे आणि घोट्याजवळ चिकटवलेल्या पट्टीपर्यंत तो किती वेळात, किती जोमानं पोचला हे यंत्र मोजायचं. पडद्यावर एक लाट उमटते. वेळेवर आली आणि उंच आली तर नस ठणठणीत. उशिरा आली किंवा बुटकी आली तर काहीतरी बिघडलंय. आणि आलीच नाही तर मी चेहरा कोरा ठेवून पुढची पट्टी चिकटवायचे, कारण निकाल सांगणं डॉक्टरांचं काम.

चांगल्या पायातली नस सेकंदाला चाळीस-पन्नास मीटर वेगानं निरोप नेते. म्हणजे ताशी दीडशेच्या आसपास. नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर आमचा जावईसुद्धा एवढी गाडी पळवत नाही. पेशंटला हे सांगितलं की तो आपल्या पायाकडे जरा आदरानं बघायचा आणि तेवढ्यात माझं एक बटण दाबून व्हायचं.

लोक घाबरायचे, त्यांचं तरी काय चुकलं. वीज खात्यातून रिटायर झालेला एक लाइनमन आला होता. आडवा व्हायलाच तयार नाही. म्हणाला, "दीदी, पैंतीस साल खंभे पे चढ़ा हूँ. पर वहाँ मालूम रहता था करंट किधर से आएगा." शेवटी बायकोचा हात धरून पडला आणि डोळे मिटून हनुमानाचं नाव घेत राहिला. एक आजीबाई मात्र सगळी तपासणी शांतपणे करून घेऊन उठल्या, साडी सारखी केली आणि विचारलं, "बेटी, अब ये कितने दिन चलेगा?" मी त्यांचे गुडघे चार्ज केले असं त्यांना वाटलं होतं. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, फरक तर पडला आहे. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पण मला सांगायचंय ते विमलताईंबद्दल. त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांची अट एकच, की गुपचुपवाल्याचा प्रसंग गाळायचा नाही.

झालं असं की मुलगी नवा रायपूरला राहायला गेली आणि "रविवारी न्यायला येतो" म्हणणारा जावई दर रविवारी विसरायला लागला. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची. ठरवलं, आपणच गाडी शिकायची. तेलीबांधा तलावाजवळ बायकांसाठी गाडी शिकवण्याचा क्लास होता, तो विमल मेश्राम चालवायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, आणि आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या माणसानं वळून बघावं. मिस्टर रेल्वेत होते, रिटायर झालेले. ताई स्वतः चाळिशीत गाडी शिकल्या आणि मग त्यांनी शहरातल्या बायकांना शिकवायचा सपाटाच लावला. मास्तरणी, नर्सा, सदर बाजारातल्या सराफांच्या सुना, कोणी सोडली नाही.

शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. आपण घोळ घातला की शेजारून तो ब्रेक दाबला जातो; विमलताई तो सवयीनं डाव्या पायानं दाबायच्या. त्या एका ब्रेकच्या भरवशावर मी रस्त्यावर उतरले होते.

"गाडीले भ्यायचं नाही, मॅडम," विमलताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "गाडी तुमाले भेऊन राहिली. तिले माहीत आहे कोण बसलं ते."

गाडी मला का घाबरत होती ते दुसऱ्या आठवड्यात कळलं. मे महिना, दुपारचे चार. तलावाच्या कडेच्या रस्त्यावर मध्येच थांबून आम्ही जागा बदलल्या. तोवर चालवून दाखवत होत्या त्या, आता मी बसले. पन्नासेक पावलं गेलो असू, समोर गुपचुपचा ठेला. नागपुरात पाणीपुरी म्हणतात, आमच्याकडे गुपचुप. ठेलेवाला नुकताच मडक्यात चिंचेचं पाणी कालवत होता. मी ब्रेक दाबायचा म्हणून जोरात काहीतरी दाबलं आणि ते नेमकं ब्रेक नव्हतं.

"मारला, मी मारला ब्रेक, घाबरू नका," विमलताई अगदी शांतपणे म्हणाल्या.

आणि आम्ही शांतपणे ठेल्यावर जाऊन आदळलो.

वेग फार नव्हता म्हणून निभावलं. ठेला तिरका झाला, मडकं कलंडलं, चिंचेचं सगळं पाणी बॉनेटवर आलं आणि पुऱ्यांचा डोंगर काचेवर सरकत आला. इंजिन बंद पडलं. कोणालाही खरचटलं नाही. ठेलेवाला मागे उडी मारून उभा होता, अंगावर पुदिना. तो खिडकीशी आला, आधी माझ्याकडे बघितलं, मग विमलताईंकडे, आणि विचारलं, "आप दोनों में से सीख कौन रहा है?"

मला हसू फुटलं. भीतीनं येतं तसलं, थांबता न थांबणारं. विमलताई मात्र हसत नव्हत्या. त्या खाली आपल्या पायाकडे बघत होत्या. त्यांचा डावा पाय अजूनही जिवाच्या आकांतानं दाबत होता, पण ब्रेक नव्हे. ब्रेकच्या शेजारची नुसती जमीन. आणि त्या पायात चप्पल नव्हती.

"माही चप्पल कुठं गेली?" त्या म्हणाल्या.

चप्पल मागे रस्त्यात पडली होती, आम्ही जागा बदलल्या तिथे. म्हणजे मे महिन्याच्या तापलेल्या डांबरावरून त्या अनवाणी एका पायानं गाडीला वळसा घालून येऊन बसल्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांचा पाय उचलून बघितला. तळव्यावर रुपयाएवढा फोड आला होता.

"दुखतंय?"

"काय दुखतंय?"

माझं हसणं तिथंच थांबलं. तीस वर्षं मी असे पाय बघितले होते, पण गाडीच्या त्या जागेवर कधी बघितला नव्हता.

ठेला आम्ही तिघांनी मिळून सरळ केला. त्याची भरपाई विमलताईंनी त्यानं तोंड उघडायच्या आत करून टाकली, वर राहिलेल्या पुऱ्या बटाटा घालून आम्हाला खायला लावल्या, कारण त्यांच्या मते अपघातानंतर रिकाम्या पोटी राहायचं नसतं. मी विचारलं, हे कधीपासून. म्हणाल्या, वर्ष झालं असेल. आधी पायाच्या बोटांत मुंग्या, मग रात्री गादीवर आग आग, मग आगही कमी झाली. "मले वाटलं बरं होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "चप्पल निसटते कधीकधी. सँडल घेतली तर तीही मोठीच वाटते."

"उद्या माझ्याकडे दवाखान्यात या."

"काहून? मले शुगर नाही. दर सहा महिन्यांनी तपासतो आम्ही. मेश्राम लोकाले शिस्त आहे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बॅचला त्या नेहमीसारख्या गाडीजवळ उभ्या.

मीही गेले होते. एका शिक्षिकेची पाळी होती, ती आत बसणार एवढ्यात मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. गाडीत आम्ही दोघीच बसलो, विमलताई त्यांच्या जागेवर. किल्ली मी काढून हातात ठेवली.

"डोळे मिटा, ताई."

"तू मले शिकवून राहिली का आता?" अहोजाहो संपलं होतं, म्हणजे राग आला होता. पण डोळे मिटले.

मी वाकून त्यांचा डावा पाय उचलला, चप्पल काढली आणि पाय ब्रेकवर ठेवला. "कशावर आहे?"

"जमिनीवर."

जमिनीवर ठेवला. "आता?"

"ब्रेक."

क्लचवर ठेवला. "आता?"

त्यांनी पाय मागेपुढे सरकवून बघितला. मग डोळे न उघडता म्हणाल्या, "नलिनी, मी अंदाजानं सांगून राहिली."

त्यांनी डोळे उघडले, काचेतून त्या शिक्षिकेकडे बघितलं. ती बिचारी ओढणी खोचून, मान लांब करून तयारीत उभी होती. विमलताई खाली उतरल्या आणि तिला म्हणाल्या, "आज नाही, मॅडम. आज गाडी बरी नाही." मग माझ्या हातातल्या किल्लीकडे बघून म्हणाल्या, "चल तुया दवाखान्यात."

टेबलावर पडल्या तशी त्यांची बडबड सुरू झाली. घाबरल्या की त्या जास्त बोलतात हे मला तेव्हा कळलं. मी पट्ट्या लावल्या, पैंजण काढायला लावले, पाय गार होता म्हणून गरम पाण्याच्या पिशवीनं शेकला, कारण गार पायात नस उगाच मंद दिसते. पोटरीवर करंट द्यायला सुरुवात केली. लाट नाही. वाढवला. नाही. आणखी वाढवला. एवढ्या करंटला पैलवान टेबलावरून उतरून जाताना मी बघितलेत. विमलताई मला सासूबाईंच्या हातच्या वड्याभाताची कृती सांगत होत्या. फोडणीत हिंग किती इथपर्यंत आल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "अगं, पण तू सुरू कधी करशील?"

मी चेहरा कोरा ठेवला. ते पहिल्यांदाच मला जड गेलं.

डॉक्टर मॅडम छत्तीसगढच्याच, दुर्गकडच्या. हळू बोलतात आणि एकच प्रश्न तीनदा विचारतात. रक्ताच्या तपासण्या झाल्या. उपाशीपोटीची साखर नॉर्मल, तीन महिन्यांची सरासरीही नॉर्मल. बी-ट्वेल्व्ह ठीक. थायरॉइड ठीक. यकृताचे आकडे मात्र वर होते. सोनोग्राफी झाली आणि कागदावर आलं, फॅटी लिव्हर. यकृतात चरबी.

मॅडमनी विचारलं, "शराब?"

"नाही."

"कभी-कभार?"

"नाही हो."

"शादी-ब्याह में, थोड़ी-बहुत?"

विमलताईंचा आवाज तलावाच्या पलीकडे गेला असता, पण शेजारी मिस्टर, मेश्रामभाऊ, बसले होते म्हणून त्या दात आवळून म्हणाल्या, "मॅडम, आम्ही बौद्ध आहोत. माह्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून घेतात."

मॅडमनी मग समजावून सांगितलं. मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. यकृतात चरबी साठायला दारूच लागते असं नाही. गोड, तळलेलं, बसून काम, पोटावरची चरबी, एवढ्यानंही ती साठते, आणि साठली तरी वर्षानुवर्षं दुखत नाही. पण तेव्हा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसतं, रक्तातली चरबी बिघडलेली असते, आत मंद धग चालू असते. आणि ज्यांना असं यकृत असतं त्यांच्यात पायाच्या नसा बिघडलेल्या जास्त सापडतात. नसांना रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्यांना हे सगळं सोसत नाही. सगळ्यात लांबच्या नसा आधी कुरकुरतात, म्हणजे पायाची बोटं. साखर अजून नॉर्मलच्या रेघेत असतानाही हे होऊ शकतं. यकृतानं नसा बिघडवल्या, की दोघांना तिसऱ्याच कोणी बिघडवलं, हे अजून पक्कं सांगता येत नाही, असंही मॅडम म्हणाल्या. "लेकिन दोनों साथ दिखते हैं. इसलिए एक दिखे तो दूसरे को ढूँढना चाहिए."

हे ऐकताना मला एक गुरुजी आठवले. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. पुरानी बस्तीतल्या शाळेत गणित शिकवायचे. तळपायांची आग होते म्हणून आले होते, साखर नॉर्मल. माझ्या यंत्रावर लाटा छान आल्या, उंच, वेळेवर. फाइल चाळताना यकृतातल्या चरबीचा कागद मी बघितला होता आणि आपला काय संबंध म्हणून उलटला होता. वर मीच हसून म्हणाले होते, "गुरुजी, नसा तरण्याताठ्या आहेत. तुमच्या मनाचं आहे." माझं यंत्र जाड नसांचं बोलतं. आग ज्या अगदी बारीक नसांची असते, त्यांचं त्याला ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी बोलायची हौस जास्त होती. काही वर्षांनी ते पुन्हा आले तेव्हा पायाला जखम होती, कधी झाली ते त्यांना सांगता येत नव्हतं. मला म्हणाले, "बाई, मनाचं पायापर्यंत आलं." पाय वाचला, दोन बोटं गेली. त्यानंतर मी पेशंटला "काही नाही" हे दोन शब्द कधी म्हटले नाहीत.

तर विमलताई. दवाखान्यातून ती दोघं रिक्षानं घरी गेली. मेश्रामभाऊ वाटभर रिपोर्टची पिशवी मांडीवर धरून बसले होते. सज्जन माणूस, विहाराच्या समितीवर असलेला. घरी पोचल्यावर पाणी प्यायले, पंखा लावला, दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "विमल, मी रागावणार नाही. कधीपासून घेऊन राहिली?"

हे सांगताना विमलताई अजूनही उठून उभ्या राहतात. त्यांचं म्हणणं, पुढच्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, मद्य वगैरे न घेण्याचं, तेव्हा भाऊंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. भाऊंचं म्हणणं, मी पंख्याकडे पाहिलं. शेवटी डॉक्टर मॅडमनी फोनवर भाऊंना समजावलं तेव्हा घरात शांतता झाली. तोवर पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार घरांत बातमी गेलेली. एक शेजारीण तर हळूच कानाशी येऊन सांगून गेली, दीदी, मेरे भाई की भी छूट गई, आपकी भी छूट जाएगी.

मग चरबी आली कुठून, याचा शोध भाऊंनी रेल्वेच्या शिस्तीनं घेतला. आठवडाभर वहीत लिहिलं, विमलनं काय खाल्लं. आणि उत्तर सापडलं तेव्हा आम्ही तिघंही हसलो. पेढे. क्लासमधल्या प्रत्येक बाईला लायसन्स मिळालं की ती पेढ्यांचा डबा घेऊन यायची. विमलताई चांगल्या शिकवायच्या, त्यामुळे बायका पास व्हायच्या, त्यामुळे डबे यायचे. घरी दोघंच, आणि भाऊ गोड खात नाहीत. शिवाय सकाळपासून दहा घरी चहा, प्रत्येक चहात साखर मापानं नाही, मायेनं. तीजा-पोळ्याला ठेठरी-खुरमीचे, म्हणजे इकडच्या तळलेल्या फराळाचे, डबे वेगळेच. दिवसभर गाडीत बसून काम. शहरातल्या बायकांचं यश ही बाई एकटी पचवत होती, आणि यकृतानं जेवढं जमलं तेवढं साठवून ठेवलं होतं.

मॅडमनी सांगितलं, वजन हळूहळू उतरवा, रोज चाला, गोड आणि तळलेलं कमी करा, तळवे रोज आरशात बघा, अनवाणी एक पाऊलही नको. यकृत मोठ्या मनाचं असतं, ते सावरतं. नसा मानी असतात, त्या सावरतील की नाही याचा शब्द देता येत नाही. आणि तोपर्यंत ब्रेकच्या जागेवर बसायचं नाही.

सगळ्यात अवघड हे शेवटचं होतं. विमलताईंनी क्लासच्या बायकांना एकत्र बोलावलं. वाटलं होतं, काहीतरी गोलगोल सांगतील. त्यांनी सरळ सांगितलं. "माह्या पायाले ब्रेक समजत नाही. वर्षभर तुमी माह्या भरवशावर बसल्या आणि मी अंदाजानं बसली होती. कोणाले काही झालं नाही, हे तुमचं नशीब. माही करामत नाही." मग ती सात वाजताची शिक्षिका म्हणाली, "दीदी, तो ब्रेक पर कौन बैठेगा?" त्यांच्याच हाताखाली शिकलेली, पुढे शाळेची व्हॅन चालवणारी एक बाई होती, शकुन. तिनं ती जागा घेतली, शिकवायची रीतसर परवानगीही काढली. विमलताई मागच्या सीटवर बसायला लागल्या.

मागून शिकवणं हा प्रकार ज्यांनी अनुभवला नाही त्यांना मी सांगू शकत नाही. शेजारून येणारा आवाज सोसतो. मागून, मानेवर, "आरसा पाय, आरसा, मले नको पाऊ," असा (त्यांचं "पाय" म्हणजे पाहा) आला की हात आपोआप सरळ होतात. आम्ही सगळ्या लवकर शिकलो. मी तिसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्या खेपेला आठचा आकडा काढायचा होता, माझा सहा झाला. दुसऱ्या खेपेला आठ झाला, पण त्यातला वरचा गोल परीक्षा घेणाऱ्या आरटीओ साहेबांच्या खुर्चीभोवती झाला.

पास झालेल्या बायकांना पेढे आणायला बंदी झाली. त्याऐवजी पेरू आणा असं कोणीतरी सुचवलं आणि तो हिवाळा मेश्रामांच्या घरात नुसता पेरूंचा वास. भाऊ गोड खात नाहीत, पण पेरू खातात असं निघालं.

रोज सकाळी सहाला तलावाभोवती फेऱ्या. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत विमलताई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, आता रिक्षा बोलव. महिन्याभरात एक फेरी, पावसाळ्यात तीन. पायात बंद बूट, मोजे, चालून आल्यावर दाराशी बसून आरशात तळवे बघायचे. हे काम भाऊंनी आपल्याकडे घेतलं. चष्मा लावून, बायकोचा पाय मांडीवर घेऊन, एकेक बोट बाजूला करून बघायचे आणि वहीत लिहायचे, "आज ठीक". शेजारणीनं ते बघितलं आणि पाऱ्यात दुसरी बातमी गेली, की दीदीनं सोडल्यापासून भैया बदलले.

वर्षानं पुन्हा तपासण्या झाल्या. यकृतातली चरबी बरीच उतरली होती. पायांची तपासणी मीच केली, रिटायर व्हायच्या आधीच्या शेवटच्या काही तपासण्यांमधली ती एक. उजव्या पायाला करंट दिला आणि पडद्यावर एक बुटकी, उशिरा आलेली, लाजरी लाट उमटली. मी पुन्हा दिला. पुन्हा आली. खरं सांगते, स्वतःच्या मुलीचा दहावीचा निकालसुद्धा मी असा पुन्हा पुन्हा तपासून बघितला नव्हता. डावा पाय मात्र गप्पच राहिला. मी तो तीनदा शेकला, पट्ट्या बदलल्या, जागा बदलली. सरळ रेघ.

विमलताई पडद्याकडे बघत होत्या. एवढ्या दिवसांत त्यांनाही वाचता यायला लागलं होतं. म्हणाल्या, "राहू दे, नलिनी. त्या पायाले त्रास नको देऊ." मॅडम म्हणाल्या, आग वर चढली नाही, एक पाय बोलायला लागला, ही चांगली बातमी आहे, डाव्याचं अजून बघू. विमलताईंनी ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी शकुनला सांगितलं की ती पुढची जागा आता कायमची तिची. परत मागायची नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. भाऊंना हे घरी गेल्यावर कळलं. ते म्हणाले, आजच्या पानावर काय लिहू. त्या म्हणाल्या, "ठीक लिहा."

आता माझं. मी रिटायर झाले त्या दिवशी दवाखान्यात हार-तुरे झाले आणि डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नलिनी, इतने साल सबका देखा. अपना भी एक बार देख लो." मी म्हटलं मला काय झालंय. पोटाची सोनोग्राफी झाली. कागदावर तेच दोन शब्द. मी तो कागद विमलताईंना दाखवला तेव्हा त्या एवढ्या हसल्या की भाऊ आतून पाणी घेऊन धावत आले. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "कधीपासून घेऊन राहिली?"

मग त्यांनीच मला हाताला धरून पुन्हा दवाखान्यात नेलं. माझ्या जागी आता प्रीती आहे, मीच शिकवलेली, चांगली पस्तिशीची, दोन मुलांची आई, हाताला पक्की. मी त्या टेबलावर आडवी झाले. एवढ्या वर्षांत छताचा तो भाग मी कधी बघितला नव्हता, तिथे एक कोळिष्टक होतं. विमलताई पायाशी हात बांधून उभ्या राहिल्या, पडद्यावर नजर. प्रीती म्हणाली, "दीदी, हल्का सा लगेगा." हे वाक्यही मीच तिला शिकवलेलं.

हलकं नव्हतं. पोटरीपासून करंगळीपर्यंत वीज कडाडत गेली आणि माझ्या तोंडून एक अस्सल शिवी बाहेर पडली. आयुष्यात कधी दिली नव्हती, कुठून आली देव जाणे. बाहेरच्या बाकांवर बसलेले पेशंट चपापले असावेत, कारण गलका एकदम थांबला. पडद्यावर लाट उभी राहिली, उंच, टोकदार, वेळेवर. डॉक्टर मॅडम शेजारच्या खोलीतून घाईनं आल्या. "क्या हुआ? क्या हो गया?"

विमलताईंनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "कुछ नहीं, मॅडम. नॉर्मल है."